आतून चालू, बाहेरून बंद

डमडमच्या त्या इमारतीत मराठी घर एकच, करंदीकरांचं. आणि ते पुण्याला जाणार ही बातमी इमारतीत कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. चारुदत्त करंदीकर मितभाषी, पण त्याची बायको शकुन हिच्या तोंडाला झाकण नाही. "यांच्या ऑफिसातली चाचणी पास झाली की आमची बदली पक्की!" हे तिनं मासेवाल्यालासुद्धा सांगून टाकलं. करंदीकर मासे खात नाहीत. तरी मासेवाल्यानं अभिनंदन केलं.

तिला घाई होती ती लेकीपायी. नूपुर बंगाली मैत्रिणींत वाढलेली. एकदा फोनवर पुण्याच्या आजीला म्हणाली, "आजी, थांब हं, मी जरा पाणी खाऊन येते." बंगालीत पाणीही खातात, पण पलीकडून आजीनं विचारलं, "खाऊन?" तेव्हापासून शकुनच्या डोक्यात पुणं शिरलं ते निघेना.

चारुदत्तचं ऑफिस बालीगंजला. गावोगावच्या छोट्या नर्सिंग होममधून रुग्णांचे ईसीजी इंटरनेटवरून तिथल्या सर्व्हरवर येतात आणि तिथले डॉक्टर ते वाचून लगेच कळवतात. त्या सर्व्हरना जगाला दिसणारे पत्ते आहेत, पब्लिक आयपी म्हणतात त्यांना. पुढे राखणीला फायरवॉल, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणारी. आणि इंटरनेटच्या लाइन दोन, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक तुटली तर दुसरी आपोआप चालू. ही सगळी मांडणी चारुदत्तची, आणि त्या दुसऱ्या लाइनवर त्याचा असा जीव की शकुननं नवी साडी नेसली तरी त्याचं इतकं लक्ष जात नसे. हे शकुनचंच म्हणणं.

दर महिन्याला सकाळी लवकर जाऊन तो पहिल्या लाइनची केबल काढायचा, आपल्या कॉम्प्युटरवर क्रिकेटचा स्कोअर उघडायचा, उघडला की केबल परत खोचायचा. झाली तपासणी. तेवढ्यात बाहेर कुणाचा ईसीजी अडकला, तर तो माणूस 'नेट स्लो आहे' म्हणून पुन्हा पाठवायचा आणि विसरून जायचा.

शकुन स्वतः डमडमच्या एका नर्सिंग होममध्ये ईसीजी काढते. तिथलेही ईसीजी याच सर्व्हरवर जातात. म्हणजे बायकोनं डमडमहून धाडायचं आणि नवऱ्याच्या दारात पोचायचं. "घरी माझं ऐकत नाहीस, ऑफिसात तरी माझं येईल ते घेतोस," असं ती त्याला चिडवायची.

चाचणीच्या दिवशी मुख्य कचेरीतून सुचित्रा पेंडसे आल्या. कडक बाई. म्हणाल्या, "करंदीकर, एक लाइन बंद करा. मी चहा संपवीपर्यंत सगळं चालू राहिलं, तर पुण्याची जागा तुमची."

चारुदत्तनं केबल काढली. पडद्यावरचा लाल दिवा हिरवा झाला. दुसरी लाइन सुरू! ऑफिसातल्या प्रत्येकानं काही ना काही उघडून बघितलं. बातम्या उघडल्या, ईमेल गेले. अनिर्बाणबाबू म्हणजे शाखेचे मॅनेजर. त्यांनी संदेश या बंगाली मिठाईचा डबा आधीच मागवून ठेवला होता. तो उघडत ते हिंदीत ओरडले, "हो गया चारुबाबू! पूना में घर देखिए!"

चारुदत्तनं संदेश तोंडात टाकला आणि फोन वाजला. शकुन.

"चारू, तुमचं बंद आहे का?"

"छे! मस्त चालू आहे. अगं, पास झालो!"

"अरे, मग माझा ईसीजी का जात नाही? कितीदा पाठवला. म्हातारे गृहस्थ आहेत, छातीत दुखतंय, घामाने भिजलेत. इथे डॉक्टर ओरडतायत."

"तुमचं नेट बघ."

"नेट आहे! बाकी सगळं उघडतंय. फक्त तुझं दार उघडत नाहीये."

चारुदत्तनं काढलेल्या केबलकडे पाहिलं. सर्व्हरचे ते पत्ते पहिल्या लाइनच्या कंपनीकडून घेतलेले. जगाला त्या पत्त्यांची वाट ठाऊक ती त्याच कंपनीमार्गे. दुसऱ्या लाइननं आतला माणूस बाहेर जाऊ शकत होता, कारण जाताना तो त्या लाइनचा पत्ता लावून जायचा. पण बाहेरून येणारा जुन्याच वाटेनं यायचा आणि मेलेल्या लाइनशी थबकायचा. हे चारुदत्तला माहीत नव्हतं थोडंच? नव्या मुलांना त्यानं फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. आणि स्वतः मात्र दर महिन्याला आत बसून स्कोअर बघत होता.

धावत जाऊन त्यानं केबल खोचली. "आता पाठव!"

"गेला," शकुन म्हणाली आणि फोन बंद झाला.

पेंडसेबाई पेन काढून बसल्या होत्या. "सही कुठे करू?"

"मॅडम, सही करू नका. आपण नापास झालो."

अनिर्बाणबाबूंच्या हातातला डबा तसाच राहिला. पेंडसेबाई म्हणाल्या, "अहो, चालत होतं की समोर!"

"आतून चालत होतं. बाहेरून आपण नव्हतोच."

म्हाताऱ्याचा ईसीजी वाचून झाला, त्याला मोठ्या रुग्णालयात हलवताहेत असा शकुनचा निरोप आला, तेव्हा चारुदत्तनं क्षणभर केबल पुन्हा काढली आणि बाईंना त्यांच्या मोबाइलच्या नेटवरून सर्व्हर उघडायला सांगितला. मोबाइलवरचं चक्र फिरत राहिलं. बाईंनी चष्मा काढला.

"करंदीकर, हे कधीपासून असं आहे?"

"लाइन घेतली तेव्हापासून."

मग त्या म्हणाल्या, आपल्या कंपनीच्या मालकीचे पत्ते घ्यायचे आणि त्यांची वाट दोन्ही लाइनवाल्यांकडून जगाला सांगायची. महिने लागतील. "आणि ते होईपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही."

संध्याकाळी शकुन आली ती फोनवर पुण्याच्या बहिणीशी बोलतच. चारुदत्तनं सगळं सांगितलं. तिनं पर्स खाली ठेवली नाही की चपला काढल्या नाहीत.

"म्हणजे मी फोन केला नसता तर..."

"तर सही झाली असती."

"आणि तू गप्प बसला असतास तरी?"

"तरी."

बदली गेल्याचा धक्का शकुनच्या चेहऱ्यावर होताच. पण तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. "अरे, घराला कुलूप लावलं की माणूस बाहेरून ओढून बघतो! तू इतकी वर्षं आत बसून ओढत होतास?"

त्यानं ऑफिसातून आणलेला संदेशचा डबा तिच्यापुढे धरला.

"पुढच्या महिन्यापासून," ती म्हणाली, "तू केबल काढायची आणि मी डमडमहून पाठवून बघणार. माझा ईसीजी पोचला तरच पास. तुझ्या स्कोअरचं कौतुक मला सांगू नकोस."

"बरं."

फोनमधून बहीण भाग्यश्री केव्हाची ओरडत होती, "काय झालं गं? नापास केलं का त्याला?"

"नाही गं," शकुन दारातच बसून चपला काढत म्हणाली. "त्यांनी पासच केला होता. यानंच स्वतःला नापास करून घेतलं. नाही, शुद्धीवर आहे. समोरच उभा आहे, संदेशचा डबा घेऊन."