यानातला हमाल

त्या सिनेमाबद्दल मी पहिल्यांदा जे लिहिलं ते चुकीचं होतं, हे आधी सांगून टाकते.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. आम्ही गिरगाव सोडून वाशीला राहायला आलो त्याला बराच काळ लोटला होता. मी कांदा-बटाटा मार्केटात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर टायपिस्ट होते. गाळ्याच्या आत लाकडी जिना होता, वर पोटमाळ्यावर ऑफिस आणि तिथे माझं टेबल. खाली पहाटेपासून ट्रक लागलेले असत. मराठी टायपिंग, इंग्रजी टायपिंग आणि मराठी लघुलेखन एवढ्या भांडवलावर मी तिथे टिकून होते.

रविवारची सकाळ मात्र माझी असायची. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये विज्ञानपटांच्या शौकिनांचं एक मंडळ जमायचं. आम्ही दहा-बारा जण असू. मंडळ चालवायचे ते एक निवृत्त इंजिनियर. त्यांना सगळे सर म्हणायचे. व्हीसीआर त्यांचा, कॅसेटी त्यांच्या आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. दर दोन महिन्यांनी आम्ही सोळा पानांचा सायक्लोस्टाइल अंक काढायचो. छपाईसाठी लागणारी मेणकागदाची स्टेन्सिल टाइपरायटरवर मी कापायचे, त्यामुळे लेख लिहायची संधी मला लवकर मिळाली असावी.

मंडळाचा एक लाडका जुना सिनेमा होता, परदेशी. दूरच्या ग्रहावर वस्ती करायला गेलेल्या माणसांसाठी एक यान बियाणं घेऊन निघतं, अशी त्याची गोष्ट. कॅप्टन, डॉक्टर, शास्त्रज्ञ सगळे गंभीर. गंमत करायला दोघंच. एक मालखान्यातला जाडा हमाल आणि दुसरी त्याची बोलणारी ढकलगाडी. हमाल येताजाता दाराच्या चौकटीला डोकं आपटायचा, आणि गाडी त्याच्याशी हुज्जत घालायची. शेवटी मालखान्यात आग लागते. हमाल आतून दार ओढून घेतो, बियाणं वाचतं, तो मरतो.

तोच सिनेमा त्या वर्षी नव्याने काढला गेला. यान चकचकीत झालं, आग खरी वाटायला लागली आणि हमालाचं काम दुपटीने वाढलं. शिवाय या वेळी तो मरत नाही. गाडी त्याची विजार आपल्या यांत्रिक चिमट्यात धरून त्याला बाहेर ओढते, विजार फाटते आणि थिएटर हसतं.

मंडळात यावर दोन रविवार चर्चा झाली. सर म्हणाले, "विनोदी पात्र म्हणजे लहान मुलांसाठी घातलेली साखर. जुन्यात चिमूटभर होती, नव्यात पोतंभर ओतलीय."

ऐरोलीहून येणारा एक इंजिनियर होता. तो फळ्यावर आकृती काढून म्हणाला, "एवढ्या वजनाचा माणूस ओढायचा तर त्या गाडीला केवढी मोटर लागेल? हे विज्ञान नाही, सर्कस आहे."

एक शिक्षिका होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या मुलांना कॅप्टन आठवत नाही. ती दोघंच आठवतात."

"म्हणून तर म्हणतोय," सर म्हणाले.

मी सरांच्या बाजूची होते. त्या अंकात मी 'खोगीरभरती' नावाचा लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं, ज्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता: 'मुळात अवकाशयानात हमालाचं कामच काय?'

अंकाची एक प्रत माझ्या टेबलावर पडलेली असायची. आमच्या गाळ्यावर माल उतरवणाऱ्या माथाडींच्या टोळीतले एक गृहस्थ ट्रकची पावती घेऊन वर यायचे. चाळिशीचे, साताऱ्याकडचे, बोलायला बेताचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही. एक दिवस पावतीवर शिक्का मारेपर्यंत त्यांनी तो अंक उचलला आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. शिक्का मारून झाला तरी ते वाचतच होते.

"ह्ये तुमी लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"हो. पाहिलात का सिनेमा?"

"दोनदा. हिंदीतला." त्यांनी अंक होता तसा ठेवला. "मंग ताई, त्या यानात बियानं चढवलं कुनी?"

मी म्हटलं, "मामा, तिथे सगळं यंत्रं करतात."

"यंत्रं करत्यात तर त्यो मानूस कशाला ठेवलाय? हसायला?"

"हो, हसायलाच ठेवलाय."

"म्हंजी वजं उचलनारा दिसला की हसायचं," मामा म्हणाले आणि पावती घेऊन खाली गेले.

मी तो दिवस कसाबसा काढला. खिडकीतून खाली त्यांची टोळी दिसत होती. एक जण ट्रकच्या फळीवरून गोणी पाठीवर द्यायचा आणि दुसरा ती घेऊन निघायचा. हे मी चार वर्षं रोज बघत होते. वर बसून टाइप केलेल्या लेखात मी त्याच माणसांबद्दल 'कामच काय' असं विचारलं होतं.

शनिवारी दुपारी मी एकटी हिंदीतला सिनेमा बघायला गेले. परदेशी सिनेमे हिंदीत आणायची टूम तेव्हा नुकतीच निघाली होती आणि आमच्या मंडळातलं कुणी ते बघायच्या वाटेला जात नसे. कॅप्टन बातम्या वाचावा तसं हिंदी बोलत होता. डॉक्टरही तसाच. फक्त हमालाला निराळी बोली दिली होती. हिंदी सिनेमातल्या हवालदाराला आणि मोलकरणीला देतात ती, मराठी हेल काढलेली. त्याने तोंड उघडलं की थिएटर हसत सुटायचं. थिएटरातली निम्मी माणसं मराठी होती. एका जागी मीही हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं की तो काही विनोद नव्हताच. तो फक्त पाणी मागत होता.

सोमवारी मी मामांना सांगितलं, "तुमचं मत मला आमच्या अंकात हवंय. लेख म्हणून."

"मी सातवी शिकल्याला मानूस. मला न्हाई लिवता येत."

"तुम्ही बोला. मी उतरवून घेते. मला लघुलेखन येतं, तुमचा एक शब्द सुटणार नाही."

त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग हो म्हणाले. जुना सिनेमा त्यांनी पाहिला नव्हता, म्हणून आधी त्याची सगळी गोष्ट मी त्यांना सांगितली. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बोलले आणि मी पॅडवर उतरवत गेले. मला वाटलं होतं, ते चिडलेले असतील. नव्या सिनेमाने हमालाची टिंगल केली, जुना बरा होता, असं म्हणतील. जुनाच बरा, असं तर आमच्या मंडळातही बहुतेकांचं मत पडलं होतं. ते म्हणाले उलटंच.

"तुमाला जुना आवडतो कारन त्यात त्यो मरतोय. मेल्यावर सगळे टोप्या काढून हुबे ऱ्हात्यात. जिता होता तवा कुनी त्येला जेवताना संगं घेतला न्हाई. नव्यात इजार फाटली, लोकं हसली, पर त्यो घरला जानार हाय. मला जित्ता मानूस बरा वाटतो."

ढकलगाडीबद्दल ते म्हणाले, "ती गाडी भांडती म्हनून तुमाला बावळट वाटती. आमी बी टोळीत भांडतो. वज्याखाली मानूस गप राहिला तर समजावं, त्येला काय तरी झालंय. भांडतोय तंवर ठीक हाय."

तक्रार त्यांची एकच होती. "सगळ्या यानात त्येला नाव न्हाई. कॅप्टन हाक मारतो ती बी 'ए' म्हनून. हसवा, आमचं काय म्हननं न्हाई. पर नाव द्या."

मी घरी येऊन पॅड उघडलं आणि ठरवून टाकलं की हे असंच्या असं छापायचं. एक अक्षर बदलायचं नाही. दुसऱ्या दिवशी टाइप केलेली पानं मामांच्या हातात दिली. त्यांनी ओठ हलवत पहिलं पान वाचलं आणि परत केलं.

"ह्ये असं नगं."

"का? तुमचेच शब्द आहेत."

"हायत की. पर लोकं हसतील. थेटरात हसली तशी."

"आमच्या मंडळातली माणसं तशी नाहीत, मामा. आणि याच्यात खरी मजा आहे."

"मजाच तर नगं," ते शांतपणे म्हणाले. "तुमी घरात बोलता तसं लिवता का? तुमचं लिवताना शुद्ध करता न्हवं? मंग माझंबी करा."

 आईशी मी घरात जशी बोलते तसं माझ्या लेखात एकही वाक्य नव्हतं. पॅड पुढ्यात घेतलं आणि वाक्यावाक्याला त्यांना विचारत ते लेखी मराठीत आणलं. 'जित्ता' हा शब्द मात्र त्यांनीच ठेवायला सांगितला. "तेवढा ऱ्हाऊ द्या. त्येला दुसरा शब्द न्हाई."

लेख सरांकडे गेला. रविवारी त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"लेख चांगला आहे. पण हा हमालाने लिहिलेला नाही. हा तू लिहिलायस. तुझ्या नावाने दे, छापू."

"सर, मत त्यांचं आहे. मी फक्त उतरवलंय."

"इतकं नेमकं? सातवी शिकलेला माणूस?"

लघुलेखनाचं पॅड माझ्या पिशवीत होतं. पण ते माझ्याशिवाय वाचणार कोण? मी म्हटलं, "पुढच्या रविवारी मी त्यांना घेऊन येते. तुम्ही त्यांनाच विचारा. नाही पटलं तर छापू नका. मग यापुढे स्टेन्सिलही मी कापणार नाही."

सरांशी मी असं कधी बोलले नव्हते. पण वाक्य पूर्ण केलं.

मामांना आणणं सोपं नव्हतं. "तिथं माझं काय काम?" म्हणाले. हा प्रश्न मी आधी छापून मोकळी झाले होते, त्यामुळे उत्तर देणं मला भागच होतं. मी म्हटलं, "मामा, ते म्हणतात हे तुमचं डोकं नाही, माझं आहे."

त्यांनी हातातली पावती घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "किती वाजता?"

रविवारी ते पांढरा सदरा, टोपी आणि पॉलिश केलेल्या चपला घालून वेळेआधी हजर होते. सरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि परीक्षेत विचारावेत तसे प्रश्न विचारले. जुना आणि नवा यांत फरक काय? शेवट कुठला बरा? मामा खुर्चीच्या कडेवर बसून उत्तरं देत गेले, आपल्याच बोलीत. पहिल्या दोन वाक्यांना मागे कुणीतरी हसलं. मामा थांबले, त्या दिशेला बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. मग कुणी हसलं नाही.

इंजिनियर म्हणाला, "पण ती गाडी तेवढं वजन ओढूच शकत नाही. शास्त्रात बसत नाही."

"सरळ न्हाई वडायचं," मामा म्हणाले. ते उठले, एका रिकाम्या खुर्चीची पाठ धरली आणि ती तिरकी करून एका पायावर फिरवत नेली. "असं कोपऱ्यावर फिरवत न्यायचं. निम्म्या ताकदीत जातं. पिक्चरमदी गाडीनं तसंच न्हेलंय. तुमी हसत व्हता, म्हनून दिसलं न्हाई."

इंजिनियरने खिशातून पेन काढलं. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "मला तुमचं मत मान्य नाही," ते म्हणाले. "माझ्या दृष्टीने जुना शेवटच श्रेष्ठ. पण मत तुमचं आहे, यात शंका नाही. वाचकांचा पत्रव्यवहार म्हणून घेऊ."

"लेख म्हणून, सर," मी म्हटलं. "नावासकट."

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "नावासकटच. त्यांची तक्रार तरी तीच आहे." सरांनी लेखाची पानं स्टेन्सिलसाठी माझ्या हातात दिली.

स्टेन्सिल मी मार्केटात, माझ्याच टेबलावर कापली. त्यांचं नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं. चुका खोडायचं लाल औषध संपलं होतं, म्हणून अख्खं पान फाडून पुन्हा केलं. मामांना पाच प्रती हव्या होत्या, गावी पाठवायला. मी दहा दिल्या. माझ्या त्या 'कामच काय' वाक्याबद्दल मी पुढच्याच पानावर चार ओळी लिहिल्या, की ते मी विचार न करता लिहिलं होतं. सरांनी त्या काढायला सांगितल्या नाहीत, चांगल्या आहेत असंही म्हणाले नाहीत.

दोन जणांनी मंडळात यायचं सोडलं. मंडळाचा दर्जा राहिला नाही, असं त्यांचं म्हणणं कानावर आलं. मामाही पुन्हा आले नाहीत. "तुमच्यात लई शांतता असती," म्हणाले. पुढच्या अंकासाठी इंजिनियरने दोन पानांचं उत्तर पाठवलं. खुर्ची आणि माणूस यांचा गुरुत्वमध्य वेगळा असतो, म्हणून ती युक्ती यानात चालणार नाही, असं सगळं आकृतीसह होतं. सुरुवातीला मात्र 'आदरणीय लेखकांस' असं लिहिलं होतं.

ते पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मामांना वाचून दाखवलं. त्यांनी डबा बाजूला ठेवला, आकृती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली आणि एक जागा दोनदा वाचायला लावली. मग हात धुऊन आले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.

"घ्या ताई, लिवा," ते म्हणाले. "पैलं ह्ये लिवा, की त्येंचं चुकलंय."