अर्ध्या वाटेवरचं गाऱ्हाणं

डोंगर चढायची हौस मला कधीच नव्हती. मुलुंडला आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो, तेवढा मला पुरतो. तरीही बोरिवलीच्या माझ्या धाकट्या भावाच्या मुलीने फोन करून, "आत्या, पनवेलच्या पुढे एक किल्ला आहे, एकदम सोप्पा, आजोबासुद्धा चढतील," असं सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सोप्पा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, पण मला भावाला एकट्याला गाठायचं होतं. घरी तो कधी एकटा सापडत नाही आणि फोनवर तर सापडतच नाही.

आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, बाबा माझ्याकडे होते. ते कुणाला त्रास देणाऱ्यातले नाहीत. गिरणीत पाळ्या करून करून त्यांची झोप कायमची मोडली, एवढंच. रात्री उठायचे, दिवा लावायचे, गॅसचं बटण बघायचे, दाराची कडी हलवून बघायचे आणि मग मला हाक मारायचे, "बाय, जागी आसस?" मी नसले तरी व्हायचे. सकाळी त्यांचं पथ्याचं आणि माझ्या डब्याचं आवरून ऑफिस गाठायचं आणि दुपारी फाइलवर पेंगायचं. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्यामुळे तो सहानुभूती फोनवरून पाठवायचा. मला बाबांचा कंटाळा आला नव्हता. मला झोप हवी होती.

भावाने बाबांना वर्षातले थोडे महिने न्यावं, एवढंच मागायचं होतं. पण आधी भाचीची बारावी आली, मग त्यांच्या घराचं रंगकाम निघालं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे बाबा स्वतःच येईल त्याला सांगायचे, "माका मुलुंडात बरा वाटता." बापाने असं म्हटल्यावर "ह्यांना घेऊन जा" म्हणायला मी तोंड कुठून आणू?

थंडीचे दिवस होते. भावाच्या गाडीतून पहाटेच निघालो. पायथ्याला उतरलो तेव्हा भावजयीने डिकीतून वड्यांचा डबा काढला आणि त्यापाठोपाठ काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची झाकणाची किटली. लोक डोंगरावर बिस्किटं आणि केळी नेतात. आम्ही मालवणी माणसं, आम्ही सांबारं नेतो. भाची म्हणाली, "मम्मी, सिरियसली?" भावजय म्हणाली, "वडे काय कोरडे खाणार? घशाखाली उतरतील?" ती किटली आळीपाळीने सगळ्यांनी वाहिली, आणि रस्सा झाकणातून ठिबकून माझी सलवार गुडघ्याखाली कायमची डागाळली.

बाबांनी मात्र आपली एकच वस्तू आणली होती. कापडी पिशवीत शेंडीचा नारळ. कुणाच्या हद्दीत जायचं तर हद्दीच्या मालकाला नारळ द्यायचा, हा आमच्याकडचा रिवाज. डोंगर असो, माळ असो, त्याला राखणदार असतोच. आपल्याला तो दिसत नाही, पण आपण त्याला दिसतो, असं बाबा लहानपणापासून सांगत आलेत.

चढ सुरू झाला आणि माझं रोजचंच काम सुरू झालं. बाबांच्या डाव्या बाजूला राहायचं, कोपराला आधार द्यायचा, उजवा गुडघा दुखरा म्हणून त्यावर भार येऊ द्यायचा नाही, दगड आला की आधी आपण पाय ठेवून बघायचा. भाऊ पुढे. त्याची पाठ तेवढी झाडांतून दिसत होती. पहिल्या सपाटीवर तो पाणी प्यायला थांबला, तेव्हा मी बाबांना दगडावर बसवून धापा टाकत त्याच्यापाशी गेले.

"अरे ऐक ना, बाबांबद्दल जरा बोलायचं होतं."

"ताई, वर जाऊन निवांत बोलू ना यार. इथे श्वास तरी आहे का कुणाला?" असं म्हणून तो लेकीचा फोटो काढायला गेला.

पुढच्या टप्प्यावर पुन्हा गाठला, तर त्याला ऑफिसचा फोन आला. डोंगरावर माणसाला रेंज मिळते ती नेमकी अशाच वेळी. मला इतका राग आला की हातातली किटली खाली भिरकावून द्यावीशी वाटली. पण सांबारं भावजयीने पहाटे उठून केलं होतं. तिचा काय दोष?

अर्ध्याहून जास्त वाट संपली असेल. एका झाडाखाली शेंदूर फासलेला दगड होता, पुढ्यात कुणीतरी वाहिलेली, सुकून गेलेली फुलं. बाबा तिथे थांबले. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता.

"माझो डोंगर हयसर संपलो," ते म्हणाले.

भाची हिरमुसली. "आजोबा, थोडंच राहिलंय ना. वरून व्ह्यू एकदम झकास आहे."

"व्ह्यू तुम्ही बघा गो. राखणदार माका हयच गावलो."

मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला, दगडासमोर ठेवला, चपला बाजूला काढल्या आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. गाऱ्हाणं घालायचं होतं. आमच्याकडे देवापुढे वडीलधाऱ्याने मोठ्याने बोलायचं असतं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मध्ये तोंड घालायचं नाही, नाही म्हणायचं नाही, आणि गप्प तर मुळीच राहायचं नाही. इतक्या वर्षांत याची आम्हाला अशी सवय झालीय की शब्द कानावर पडायच्या आधीच तोंडातून होकार निघतो.

"बा देवा म्हाराजा," बाबांनी हात जोडले. गिरणीच्या आवाजावर चढवलेला तो जुना आवाज कुठून आला कोण जाणे. "ह्या डोंगराच्या राखणदारा! आज तुझ्या हद्दीत तुझी लेकरां इली आसत."

"व्हय म्हाराजा."

"त्येंच्या हातून काय चुकला माकला आसात तां पोटात घाल."

"व्हय म्हाराजा."

"इली तशी सुखरूप घराक पोचव. नातीचा शिक्षण पुरा होवांदे, तिका बरी नोकरी गावांदे."

"व्हय म्हाराजा." भाची हसू दाबत होती. मी डोळे मिटून उभी होते. खरं सांगायचं तर उभ्या उभ्या मला डुलकी येत होती.

"ह्या माझ्या लेकीन चार वर्सां माका सांभाळल्यान. ती आता दमली हा. तोंडान सांगूची नाय. तिका रात्रीची गाढ झोप लागांदे. आणि माका आता माझ्या झिलाच्या घरात सुखान ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या झाडाखाली फक्त माझा आवाज घुमला. एकटीचा, आणि मोठा.

मी डोळे उघडले. बाबांचा झील, म्हणजे माझा भाऊ, माझ्याकडे बघत होता, भावजय भावाकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाला घराबाहेर काढायला मी देवासमोर ओरडून होकार दिला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे मला आतून इतकं हलकं वाटत होतं की रडू फुटलं. बाबा हात जोडून तसेच उभे होते. गाऱ्हाण्याला होकार पुरा आल्याशिवाय नारळ फुटत नाही.

आधी भावजय म्हणाली, हळूच, "व्हय म्हाराजा." मग भाची. सगळ्यात शेवटी भाऊ, खाली मान घालून.

बाबांनी नारळ फोडला. खोबऱ्याचं पहिलं भकल माझ्या हातावर ठेवलं. "खा गो बाय." मी त्यांना काहीच विचारलं नाही. मुलुंडात बरं वाटतं की नाही, हे तर नाहीच नाही. वर कुणीच गेलं नाही. तिथेच बसून वडे खाल्ले, सांबारं किटलीच्या झाकणातून वाटून घेतलं. भावजय म्हणाली, "हॉलमधली दिवाणाची जागा बदलायला लागेल. त्यांना रात्री दाराजवळ लागतं ना?" म्हणजे बाबांचं रात्री उठून कडी बघणं तिला माहीत होतं.

उतरताना बाबांनी स्वतःहून भावाचा हात धरला. मी मागे राहिले. बघते तर भाऊ त्यांच्या उजव्या बाजूने चालत होता आणि सगळा भार दुखऱ्या गुडघ्यावर टाकत होता. माझ्याने राहवेना.

"अरे, डावीकडून धर! कोपराखाली हात घाल, ओढू नकोस त्यांना!"

बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"शिकतलो तो," ते म्हणाले. "तू तुझी वाट बघून चल."