चोरीला न गेलेल्या सायकलची तक्रार

बाबांना सायकल मी घेऊन दिली आणि किंमत खोटी सांगितली. मुली बापाशी जितपत खोटं बोलतात, तितपतच. पण बिल खोक्यात राहिलं. बाबा खोक्यावरचा मजकूरही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारे. त्यांनी बिल वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं आणि मला वाघोलीला फोन केला.

"हिला इंजिन बसवायचं राहिलंय का गं?"

मग त्यांनी जाहीर केलं, की विमा उतरवल्याशिवाय ही सायकल सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटचा उंबरा ओलांडणार नाही.

मला रडूच यायचं बाकी होतं. आई जाऊन पाच महिने झाले होते. तेव्हापासून बाबा दूध आणि औषधं आणण्यापलीकडे घराबाहेर पडत नव्हते. त्यांचे जुने मित्र रविवारी सकाळी सायकलवरून खडकवासल्याला जायचे, भजी खाऊन परत यायचे. एके काळी बाबा त्या टोळीत सगळ्यांत पुढे असत. आता मित्रांचे फोनही ते उचलत नव्हते. आईबद्दल तर एक अक्षर नाही. कुणी समाचाराला आलं, की पाण्याचा पेला पुढे करून हवापाण्याच्या गप्पा सुरू. सायकल घरात उभी राहिली तर बाबाही घरातच बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"मी मोबाइलवर दोन मिनिटांत विमा काढून देते," मी म्हटलं.

"दोन मिनिटांत पोहेसुद्धा होत नाहीत."

बाबांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे गेली. त्यांचं म्हणणं असं, की विमा विकताना सगळेच गोड बोलतात; सायकल गेल्यावर कसे बोलतात, ते आधी ऐकायला हवं. म्हणून त्यांनी चार कंपन्यांच्या भरपाई विभागांचे नंबर मिळवले आणि सायकल चोरीला गेली असं सांगायला फोन घेऊन बसले. चोरीला गेलेली सायकल समोरच भिंतीला टेकून उभी होती.

त्या शनिवारी मी शेजारी मटार सोलत होते. "बाबा, हे चक्क खोटं आहे."

"किंमत सांगताना आठवलं नाही ते तुला," म्हणत त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

पहिल्या कंपनीने नुसतं संगीत ऐकवलं. बाबांनी दहा मिनिटं ऐकलं आणि "तबला बरा आहे" म्हणून फोन ठेवला. दुसरीकडच्या मुलाने कुलूप कसलं होतं, कुठल्या खांबाला होतं, किल्ल्या किती, पोलिसांत कधी गेलात, असं झोडपून काढलं. "चोरापेक्षा माझीच चौकशी जास्त. बाद." तिसऱ्याला आधी पॉलिसी नंबर हवा होता. "नंबर सापडेपर्यंत चोरी झालीच नाही, असं आपलं म्हणणं आहे का?" बाबांनी विचारलं. तोही बाद.

चौथीकडे एक बाई बोलल्या. आवाज पोक्त. बाबांनी आता सरावाने सांगितलं, की सकाळी खाली लावली होती, आलो तर जागेवर नाही.

"काका, तुम्हाला काही लागलं नाही ना? झटापट वगैरे?"

बाबा अडखळले. हा प्रश्न त्यांनी धरलेलाच नव्हता. "छे, छे. तसं काही नाही."

"मग आधी बसा. पाणी प्या. कागदांचं नंतर बघू. जवळ कुणी आहे का तुमच्या? काकू आहेत का घरात?"

मी मटार सोलायची थांबले.

"नाही," बाबा म्हणाले. "ती गेली. जूनमध्ये." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "एक्केचाळीस वर्षं होती."

पाच महिन्यांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. आत्याने ऐकलं नव्हतं. ऐकलं ते एका अनोळखी बाईने, न झालेल्या चोरीची तक्रार लिहून घेताना. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला. मग बाबांचे खांदे हलताना दिसले आणि मी त्यांचा हात धरला.

"मी आहे लाइनवर, काका," बाई एवढंच म्हणाल्या.

बाबांनी रुमालात नाक शिंकरलं. "बाई, माफ करा. सायकल इथेच आहे, माझ्या समोर. आपण कसे बोलता ते पाहत होतो फक्त."

आता रागावणार, असं मला वाटलं.

"मग चालवा की ती, काका," बाई म्हणाल्या.

विमा तिथूनच घेतला. अटी मात्र बाबांनी दोन दिवस वाचल्या, पेन्सिलीने खुणा करकरून.

पुढच्या रविवारी ते मित्रांबरोबर निघाले; मी आदल्या रात्रीच त्यांच्याकडे राहायला आले होते. नऊपर्यंत येणार होते. अकरा वाजले तरी पत्ता नाही, फोन बंद. साडेअकराला सायकल खांद्यावर घेऊन जिना चढून आले, आणि मी दारातच ओरडले.

"अगं, धरणावर बसलो होतो," बाबा धापा टाकत म्हणाले. "तुझ्या आईच्या गोष्टी निघाल्या. संपेचनात."