बॅटरी नसताना लागलेले हेडलाइट

भूत, करणी, बाहेरची बाधा — यातलं मी काही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. सासूबाई कोणाची दृष्ट काढायला बसल्या की मी खोकत अंगणात जाऊन उभी राहायचे. इथे लोक लिहितात ते अनुभवसुद्धा मी बहुतेक हसतच वाचते, राग मानू नका. पण एक गोष्ट आहे, सत्तरी उलटली तरी डोक्यातून जात नाही... म्हणून लिहायला बसले. शिक्षण बेताचंच आहे, तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

आम्ही उज्जैनला माधव नगरात राहायचो. हे बँकेत होते. नव्वदच्या नंतरची ती वर्षं — कोपऱ्यावर एसटीडीचं दुकान, घरोघरी केबल, आणि जो उठेल तो नव्या गाडीचं बुकिंग करून आलेला. आमच्या पोर्चमध्ये मात्र एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार. दोनच सीट, कापडी छत, पुढे बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन मोठे हेडलाइट. यांच्या काकांनी ती कुठल्याशा सरदार घराण्याच्या गॅरेजमधून घेतली होती, काकांमागे यांच्याकडे आली. इंजिन छान गुरगुरायचं. पण विजेचं बाकी सगळं मेलेलं! हेडलाइट नाहीत, डॅशबोर्डचे बारके दिवे नाहीत, काटे सगळे झोपलेले. त्यामुळे गाडी काढायची ती दिवसा, आणि ऊन उतरायच्या आत घरी.

दर रविवारी हे डॅशबोर्डखाली आडवे, पाय दाराबाहेर. मी हातात टेस्ट लॅम्प धरून — म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि त्याच्या दोन वायरी, वीज कुठपर्यंत पोचते ते बघायला. आतून आवाज यायचा, "लागला?" "नाही." "आता?" "नाही हो!" बारा वर्षं हेच. मूलबाळ झालं नाही आम्हाला. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमची सवत पोर्चमध्ये उभी आहे. मी म्हणायचे, सवत कसली, आंधळं लेकरू आहे ते माझं. टेस्ट लॅम्प धरधरून मलाही बरंच कळायला लागलं होतं.

मग यांचं लिव्हर बिघडलं. इंदूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, आता आमच्या हातात काही नाही. मी डोळे पुसले, आत आले आणि यांना म्हटलं, "रिपोर्ट चांगले आलेत हो." हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बरं."

घरी आल्यावर यांनी एकच मागितलं. "टावर चौकापर्यंत जाऊन येऊ म्हणत नाही मी आता. इथेच पोर्चमध्ये एकदा दिवे लागलेले बघायचेत. तेवढं कर."

आता सांगा, नाही कसं म्हणणार?

फ्रीगंजमध्ये एक ऑटो इलेक्ट्रिशियन होते, रशीदभाई. यांचे जुने दोस्त. त्यांना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "भाभी, इसको किसी म्यूज़ियम में दे दो. इसका सामान अब विलायत में भी नहीं मिलता होगा." आतल्या खोलीतून यांचा बारीक आवाज, "रशीदमियाँ, अपना सामान मिलता है क्या अब? फिर भी चल रहे हो ना!" दोघंही हसले. मला काही हसू आलं नाही.

रशीदभाईंना दुकान होतं, ते संध्याकाळी तासभर यायचे. बाकी दिवसभर मी. फ्यूज बदलले. अर्थिंगच्या जागी गंज होता, तो पॉलिश पेपरने घासून काढला. हेडलाइटचा झोत वर-खाली करायचा, पायाने दाबायचा डिपर उघडून साफ केला. वायरींवरचं कापड हात लावला की पिठासारखं गळायचं. प्रत्येक गोष्ट आत जाऊन यांना विचारायची, हे डोळे मिटून सांगायचे, मी पुन्हा बाहेर. हेडलाइटपाशी टेस्ट लॅम्प लावला की काळाच! आणि दर दिवशी यांचा आवाज थोडा खाली गेलेला.

एके दिवशी सकाळी रशीदभाई बॅटरी चार्जिंगला घेऊन गेले. म्हणाले, कल शाम को मिलेगी.

त्याच दिवशी तिन्हीसांजेची गोष्ट. देवापाशी दिवा लावला, यांच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं आणि तुळशीपाशी उदबत्ती लावायला पोर्चमध्ये आले. तर...

गाडीचे दोन्ही हेडलाइट लागलेले.

फार प्रखर नाही, पिवळसर. पण समोरच्या कंपाउंडवर दोन गोल पडले होते. आणि माझे हात आपोआप जोडले गेले. दिवा लागला की हात जोडायचे, ही जन्माची सवय. मग लक्षात आलं, कोणाला नमस्कार करतेय मी?

आत डोकावले. डॅशबोर्डचे दिवे लागलेले. अँपिअरचा काटा — किती वीज खर्च होते ते दाखवतो तो — डावीकडे कललेला, थरथरणारा. डावीकडे म्हणजे बॅटरीतून वीज जातेय. कुठल्या बॅटरीतून? जागा चाचपली. रिकामी! नुसते दोन चिमटे लोंबत होते. हेडलाइटच्या काचेवर तळवा ठेवला, काच कोमट होती. मला यांनीच शिकवलं होतं, आधी तपास, मग बोल. त्या तपासण्यात किती वेळ गेला, देव जाणे.

मग धावले. "अहो, लागले! दिवे लागले!"

हे कोपरावर उठून बसले. आठवडाभर कूस बदलली नव्हती या माणसाने! असा खुललेला चेहरा मी लग्नानंतर बघितला नव्हता. म्हणाले, "बॅटरी आली चार्ज होऊन?"

तिथे मी "हो" म्हणायला हवं होतं. एक अक्षर! पण माझ्या तोंडून खरं निघालं. "नाही... बॅटरी नाहीये. बघा ना तुम्ही, तरी लागलेत!"

त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत विझला.

"रिपोर्टसारखे लागले का?" म्हणाले.

"तुमची शपथ! काटासुद्धा हलतोय, डावीकडे."

"अगं, खोटं बोलायचं तर नीट बोल. बारा वर्षं वायरी धरल्यास. बॅटरीशिवाय डिस्चार्ज दाखवेल का तो?"

मी ऐकलं नाही. त्यांना काखेत हात घालून उठवलं — राहिलं होतं काय त्या अंगात — आणि ओढत, टेकवत पोर्चच्या दारापर्यंत आणलं.

अंधार. गाडी नुसती उभी.

हे चौकटीला धरून गाडीकडे बघत होते. मग म्हणाले, "चल, आत ने. थंडी वाजतेय." रागावून नाही हो. समजूत घातल्यासारखं. तेच जास्त लागलं मला.

दुसऱ्या दिवशी बॅटरी आली, बसवली, काहीही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे हे गेले. मधल्या वेळात माझ्याशी बोलले, पाणी मागितलं, उशी सरकव म्हणाले. दिव्यांचं नाव काढलं नाही.

राम घाटावरचं दिवसकार्य आटोपल्यावर मी रशीदभाईंना घडलेलं सांगितलं. त्यांनी अख्खा डॅशबोर्ड सोडवला. मागे हेडलाइटकडे जाणारी मुख्य वायर उंदरांनी खाल्लेली होती, चार बोटं जागा मोकळी. म्हणाले, "भाभी, बैटरी होती तो भी करंट जाता किधर से?"

कोणी म्हणालं, मावळतीचा उजेड काचेवर पडला असेल. आमचा पोर्च पूर्वेला होता. कोणी म्हणालं, जागरणाने भास झाला. मग काच कोमट कशी? काटा कसा हलला? आणि लागायचेच होते तर ज्याला हवे होते त्याच्यासमोर का नाही? गाडी रशीदभाईंनीच नेली, पुढे तिचं काय झालं मी विचारलं नाही.

इथे विजेचं समजणारे बरेच असतील. सुचलं तर लिहा. आणि "आजी, तुम्ही खोटं सांगताय" असं लिहायचं असेल तर तेही खुशाल लिहा. ज्यांच्या तोंडून ते ऐकायचं नव्हतं, त्यांच्या तोंडून ऐकून झालंय.