कुसुमआक्का गप्प बसली

मांडवीच्या कुसुमआक्काची खानावळ पाच टेबलांची, पण आक्काचा आवाज पन्नास टेबलांना पुरेल असा. सुरमई संपली की ती "संपली" म्हणत नाही, "उद्या लवकर उठा" म्हणते. अशी ही फटकळ बाई नऊ वर्षं एकाच माणसापुढे हरत होती. तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ महिपत.

महिपत बोटीवर खलाशी होता. तिशीत परत आला तो वेगळाच होऊन. कंपनीची माणसं आपल्यावर पाळत ठेवतात, मिक्सरमधून बोलतात, असं त्याला वाटायचं. त्याने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, आक्काच्या हातचं खाणं सोडलं. केळी आणि स्वतः उकडलेली अंडी, एवढंच पोटात. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "तूपण त्यांना मिळालीस?"

आक्का भांडायची. एकदा तिने मिक्सर खोलून आतल्या तारा त्याला दाखवल्या. महिपतने शांतपणे विचारलं, "मग तुला हे सगळं कसं गो माहीत?" मिक्सर बिघडला तो बिघडलाच, वाद होता तिथेच राहिला. शेजारच्या येसूबाईच्या सांगण्यावरून देवाला गाऱ्हाणंही घालून झालं. नारळ गोड निघाला, महिपत तसाच.

ऋजुता नर्स खानावळीत रोज जेवायची. एकदा सोलकढी पिता पिता ती म्हणाली, "आक्का, त्याला ऐकू येतं ते त्याच्यापुरतं खरंच असतं. ते खोटं पाडत बसू नका. त्रास कसला होतो, तेवढं विचारा."

आक्काला आधी रागच आला. पण दुसऱ्या दिवशी तिने नवा मिक्सर येसूबाईकडे नेऊन ठेवला आणि वाटण पाट्यावर सुरू केलं. गिऱ्हाइकं म्हणाली, "आमटीला काय चव आलीय!" आक्काने कारण सांगितलं नाही.

मग एका सकाळी ती पायरीवर महिपतशेजारी बसली. "मला ते आवाज येत नाहीत रे. पण तुझे हाल दिसतात. सगळ्यात जास्त त्रास कसला होतो?"

महिपतने डोळे चोळले. "झोप नाय गो आक्का. बोलतच राहतात."

"मग झोपेसाठी जाऊया. डॉक्टर मनाचा आहे, हे आधीच सांगते. फसवून नेणार नाय."

दोनदा तो रिक्षात बसून उतरला. तिसऱ्यांदा त्याने अट घातली: डॉक्टरांच्या खोलीत तो स्वतः दाराशी बसणार आणि आक्काने एक शब्द बोलायचा नाही. आक्का चाळीस मिनिटं गप्प बसली. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तिने ओठ घट्ट मिटून नुसती नकारार्थी मान हलवली. बाहेर आल्यावर मात्र रिक्षावाल्याची धडगत राहिली नाही.

याला सात महिने झाले. आवाज पुरते गेलेले नाहीत, कमी झालेत. गोळ्यांनी महिपतला सुस्ती येते. कधी तो गोळी नाकारतो, मग आक्का ऋजुताला फोन लावते. आता आठवड्यातून दोन दिवस तो मिरकरवाड्याच्या बंदरावर गंगाराम नावाच्या मच्छीमाराची जाळी विणायला जातो.

पहिल्या दिवशी घरी आल्यावर आक्काने विचारलं, "कसं काय वाटलं रे?"

"काम बरं आहे," महिपत म्हणाला. "गंगाराम फार बोलतो."

"तो मलाही ऐकू येतो," आक्का म्हणाली, आणि दोघंही हसत सुटली.