गाडीनं दार सोडलं

असे अनुभव लिहिणाऱ्यांवर मी आजवर मनसोक्त हसलोय, हे आधीच सांगून टाकतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या घरातला पंखा आपोआप फिरतो... माझ्यासमोर कुणी असलं काही सुरू केलं की वायरिंग कुणी केलंय, एवढंच मी विचारतो. धंदाच तसा आहे — आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतो. पण गेल्या दसऱ्याला भर दुपारी, चार माणसांसमोर जे झालं, ते माझ्या कुठल्याच मीटरवर मोजता येत नाही. म्हणून लिहितोय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

आम्ही मिरजगावजवळ, हायवेपासून थोडं आत वस्तीवर राहतो. घरी मी, बायको सुनीता आणि माझी आई. आईनं पंचाहत्तरी ओलांडलीये, पण गोठ्यातल्या गायींच्या धारा अजून तीच काढते. दुसऱ्याचा हात लागला की त्या पान्हा चोरतात.

यंदा मी इलेक्ट्रिक गाडी घेतली. तिला नेहमीची किल्ली नाही. एटीएम कार्डासारखं एक कार्ड मिळतं, ते दाराशेजारी टेकवायचं, नाहीतर मोबाईलच्या ॲपवरून लॉक उघडायचं. लॉक असताना दारांची हँडलंसुद्धा पत्र्यात गडप असतात. कार्ड टेकवलं की दिवे लुकलुकतात, आरसे उघडतात आणि चारी हँडलं एकदम बाहेर येतात. मला त्याचं भारी कौतुक. आईला मात्र ते पटलं नव्हतं. जिला किल्ली नाही ती गाडी कुणाचीही, असं तिचं म्हणणं.

दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टर, विळे-कोयते, माझा टूलबॉक्स, सगळ्यांची पूजा होते. वाहनाची किल्ली पूजेच्या ताटात ठेवायची रीत आहे. यंदा प्रश्न पडला, हिची किल्ली कुठली? मी शहाणपणा केला. दोन्ही कार्डं ताटात ठेवली आणि ॲप म्हणजेही किल्लीच, म्हणून माझा मोबाईलही ठेवला. ते बघून सुनीतानं तिचा ठेवला, सणाला माहेरी आलेल्या आमच्या लेकीनं, पल्लवीनं, तिचाही ठेवला. आजकालचं शस्त्र हेच, असं म्हणून आम्ही हसलोसुद्धा. हळदीकुंकू वाहिलं, झेंडू आणि आपट्याची पानं घातली आणि ताट गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं.

पल्लवीची दीड वर्षांची मनू ड्रायव्हरच्या सीटवर ऐटीत बसली होती. नारळाचं पाणी आत उडू नये म्हणून सुनीतानं दार लोटलं, आणि आम्ही सगळे पुढे आलो. नारळ फुटला, त्याच वेळी ‘खट्’ असा आवाज झाला. मला वाटलं, नारळाचाच असेल. वळून बघतो तर हँडलं आत गेलेली आणि मनू खिडकीखालच्या बटणांवर बोटं आपटत हसतेय. सगळ्या दारांचं लॉक तिनंच लावलं होतं.

दोन्ही कार्डं आत. तिन्ही मोबाईल आत, झेंडूखाली. अडीअडचणीसाठी दिलेली लोखंडी किल्ली डॅशबोर्डच्या खणात, म्हणजे तीही आतच.

दसऱ्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्यात गाडी पूजेसाठी अंगणाच्या मधोमध, सावलीचं नाव नाही. पल्लवी बाहेरून खुणा करून मनूला दाराचा खटका ओढायला सांगत होती आणि मनूला वाटत होतं, आई खेळतेय. मग तिला घाम फुटला, तोंड लालबुंद झालं आणि ती रडायला लागली.

शेजारचे शौकतभाई दर दसऱ्याला सोनं घ्यायला येतात, ते नेमके तेव्हाच आले. त्यांनी फोन पुढे केला, पण लावणार कुणाला? जावयाचा नंबर आमच्यापैकी एकालाही पाठ नव्हता. काचेवरच्या स्टिकरवरचा कंपनीचा नंबर लावला तर नुसतं संगीत वाजायला लागलं. मी ट्रॅक्टरचा पाना आणून पलीकडच्या काचेवर हाणला. पाना उडाला, काचेला ओरखडाही नाही. पुन्हा हाणला, तर मनू आत किंचाळली. शौकतभाईंचं हायवेवर फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ते घण आणायला गाडीवर सुसाट गेले.

आणि मनूचं रडणं थांबलं. ती सीटवर कलंडली, डोळे अर्धवट मिटलेले. पल्लवी काचेवर तळहात मारत होती. आयुष्यात मी एवढा कधीच घाबरलो नाही.

आई तोवर गोठ्यात गायींना ओवाळत होती. गलका ऐकून आली, तशीच, हळदीच्या हातांनी. काय झालं म्हणून तिनं विचारलं नाही. आत बघितलं, पल्लवीला हळूच बाजूला केलं आणि दाराच्या पत्र्यावर, हँडल गडप झालं होतं तिथं, तळहात ठेवला. धारेला बसायच्या आधी ती गाईच्या पाठीवरून हात फिरवते, अगदी तसा तिनं तो वरून खाली फिरवला. एकदा, मग पुन्हा. आणि बारीक आवाजात म्हणाली, “सोड गं बाई. लेकरू हाय आत. सोड.”

तिच्या हाताखालचं हँडल बाहेर आलं.

फक्त तेवढंच. दिवे लुकलुकले नाहीत, आरसे उघडले नाहीत, बाकीची तीन हँडलं पत्र्यातच. आईनं दार ओढलं आणि भट्टीसारखी वाफ अंगावर आली. पल्लवीनं मनूला उचललं, सुनीतानं डोक्यावर पाणी घातलं, आणि पोरीनं डोळे उघडून मोठ्ठं भोकाड पसरलं. मिरजगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे. मी तिथंच दवाखान्यात सगळ्यांसमोर रडलो.

नंतर मी माझ्या परीनं सगळं करून पाहिलं. नगरहून कंपनीचा माणूस आला, त्यानं लॅपटॉप लावून गाडी तपासली. कार्ड किंवा ॲपशिवाय लॉक उघडत नाही, आणि उघडलं तर चारी दारांचं उघडतं, एकट्याचं नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. उन्हानं, नाहीतर माझ्या घावानं काही बिघडलं असेल म्हणावं, तर बिघाड सापडला नाही. हळदीचं काही असेल, म्हणून मी स्वतः हाताला हळद फासून गाडी कुरवाळली. सुनीता अजून त्यावरून चिडवते.

शेवटी एका सकाळी गाडी लॉक केली, कार्डं आणि मोबाईल घरात ठेवले आणि आईला हाक मारली. म्हटलं, पुन्हा एकदा हात लावून बघ, मला नीट बघायचंय. ती पदराला हात पुसत आली, काचेला डोळे लावून आत पाहिलं.

“आत कोन हाय?”

“कुणी नाही.”

“मंग ती कशापायी सोडंल?” असं म्हणून ती धारा काढायला निघून गेली.