मागचा पंखा

सीपीयूच्या डब्यावर डाव्या हाताची थाप मारायची, पडद्यावरची नजर हलवायची नाही, आणि म्हणायचं, "बसलं!"

काटेभाऊंची आठवण निघाली की आमच्या जिनिंगमधली माणसं अजूनही एवढं करून दाखवतात. हसतात, आणि पुन्हा कामाला लागतात.

कापसाच्या दिवसांत तुम्ही आंजीच्या रस्त्याने गेला असाल, तर जिनिंगच्या फाटकापुढे लागलेली ट्रॅक्टरांची रांग तुम्हीही पाहिली असेल. ती रांग जिथे संपते तिथे वजनकाटा. काट्याला लागून पत्र्याच्या छताची खोली, खोलीत संगणक आणि संगणकापुढे काटेभाऊ. त्यांना नाव होतं, पण काट्यावर बसणाऱ्या माणसाला नावाने कोण हाक मारतो? मी शेजारच्या खोलीत हिशेब पाहायचो. मधे प्लायवूडची भिंत. त्यामुळे या माणसाला मी आधी कानांनी ओळखलं आणि नंतर डोळ्यांनी.

ऐकण्यासारखं तसं फार नसायचंच. काटेभाऊ इतकं हळू बोलत, की ट्रॅक्टरवाले खिडकीच्या जाळीला कान लावत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आत, यंत्रांजवळ काढली होती. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांचा घरघराट माणसाच्या हाडांत शिरतो. "घरी गेलो तरी कानात जिनच चालत राह्यची," ते एकदा म्हणाले होते. "लेकरू रडे ते मले ऐकू नाई ये, अन् जिन ऐकू ये." वय झालं तसं मालकांनी त्यांना काट्यावर बसवलं. तेव्हापासून आवाज नावाच्या गोष्टीशी त्यांचं वैर सुरू झालं.

दाराची कडी वाजते? तिला सुतळी गुंडाळ. मालकांची बेल कर्कश आहे? तिच्या वाटीत रुईचा बोळा. छताचा पंखा कुरकुरतो? स्टुलावर चढून शिलाई मशीनचं तेल. प्रत्येक वेळी खाली उतरून हात झटकत म्हणायचे, "बसलं!" जणू कुत्र्याचं पिल्लूच गप्प बसवलं.

माणसांनाही ते असंच बसवत. एकदा रांगेतल्या नंबरावरून दोन शेतकरी हातघाईवर आले. काटेभाऊ बाहेर गेले. दोघांच्या हातात चहाचे ग्लास दिले आणि मधे नुसते उभे राहिले. गरम ग्लास हातात असला की माणसाला भांडता येत नाही. दोघं गप्प झाले. "आवाज बंद झाला ना? मंग झालं," म्हणत काटेभाऊ जागेवर येऊन बसले. संध्याकाळी फाटकाबाहेर त्याच दोघांनी एकमेकांची डोकी फोडली. ते कळल्यावर काटेभाऊ "अरे, पण बसलं होतं ना?" एवढंच म्हणाले.

संगणकाचा आवाज त्या वर्षी दिवाळीनंतर सुरू झाला. आधी खिडकीत अडकलेल्या भुंग्यासारखा, मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. जिनिंगमध्ये हवा कधी नुसती हवा नसते. रुईचे तंतू तरंगत असतात, भुवयांवर बसतात, चहावर बसतात. संगणक तर दिवसभर पंख्याने तीच हवा ओढून घेणारा. थाप मारली की आवाज थांबायचा. आधी एक थाप दिवसभर पुरायची. संक्रांतीपर्यंत तासभरसुद्धा पुरेना.

वर्ध्याहून दुरुस्तीवाला आला. त्याने डबा उघडला आणि आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. आत रुई अशी दाटून बसली होती, की कोणी लहानशी गादीच भरली असावी. मुठी भरभरून त्याने ती काढली. मग मागच्या बाजूला, जिथे विजेची वायर लागते तिथल्या छोट्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा गेलाय भाऊ. ह्या पंख्यासंगं पूर्ण पॉवर सप्लाय बदलावा लागते. मी आणून लावतो, पण तोवर हा चालू नका ठेवू."

बाहेर ट्रॅक्टर हॉर्न देत होते. काटेभाऊंनी खिडकीतून रांगेकडे पाहिलं. "हंगामात काटा बंद ठेवू म्हणतं? होळी झाल्यावर येजो बाप्पा."

दुरुस्तीवाला गेला. खडखड राहिली. मालकांना फोनवर बोलता येईना, तेव्हा त्यांनी माझ्याच खोलीतून ओरडून सांगितलं, "काटेभाऊ, ते यंत्र एकतर गप्प करा, नाहीतर बाहेर फेका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आलो, तर प्लायवूडच्या पलीकडे शांतता होती. इतकी, की काटेभाऊ आलेच नाहीत असं वाटून मी डोकावलो. ते जागेवर होते, प्रसन्न.

"नवीन लावला का पंखा?"

"नाई रे राजा." त्यांनी मला डब्याच्या मागे नेलं. पंख्याच्या जाळीतून खराट्याची एक काडी आत खुपसलेली होती. पाती काडीला अडून उभी होती. "पाय, कसं बसलं!"

"पण भाऊ, तो पंखा गार करायसाठी असतो ना?"

"समोर टेबलफॅन लावला ना मी. कुठूनही वारा भेटला म्हणजे झालं."

टेबलफॅन खरोखरच लावलेला होता. बाजूचं झाकण काढलेल्या डब्यावर तो खोलीतली सगळी रुई उडवत होता.

आता मागे वळून पाहताना मला ते दिवस फार शांत वाटतात. मालक खूश होते. काटेभाऊ चहाच्या वेळी विनोबांच्या आश्रमातल्या शांततेच्या गोष्टी सांगायचे. काटेभाऊंची सासुरवाडी त्याच गावची, पवनारची. डब्यावर ऊब घ्यायला एक मांजर येऊन झोपायची. पुढे ती डब्यावर येईनाशी झाली. एकदा तिला उचलून मी डब्यावर ठेवलं, तर चटका बसल्यासारखी उडी मारून गेली.

खोलीत वास येऊ लागला. इस्त्री कापडावर जरा जास्त वेळ राहिली की येतो तसा. मी दोनतीनदा बोललो. "ऊन पाय ना कसं तापून राह्यलं," काटेभाऊ म्हणायचे. "पत्रा तापते, मंग वास येते."

त्याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट दिसली. ट्रॉलीतला कापूस पाहायला ते शिडीने चढत, तेव्हा अर्ध्यावर थांबत. चेहरा राखेसारखा व्हायचा. मग डाव्या हाताने छातीवर थाप मारत. "गॅस होय. बसते." आणि खरंच थोड्या वेळाने ते हसत खाली उतरत.

होळी चार दिवसांवर आली होती. दुपारची वेळ, गरम वारा, काट्यावर भरलेली ट्रॉली. खोलीच्या मागच्या खिडकीपलीकडे, जेमतेम हातभर अंतरावर, कापसाची छपराएवढी गंजी. मी पलीकडून थाप ऐकली. मग आणखी एक. मग लागोपाठ कितीतरी. "बसलं" हा शब्द काही आला नाही.

मी उठून गेलो. पडदा काळा झाला होता. डब्याच्या मागून धुराची बारीक दोरी वर निघाली होती. काटेभाऊंनी भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर उपटली. तेवढ्यात आतली रुई पेटली. तुम्ही रुई पेटताना पाहिली आहे का? ती जळत नाही, धावते. ज्योत डब्यातून टेबलावर, टेबलावरून भिंतीच्या तंतूंवर आणि तिथून मागच्या खिडकीच्या जाळीकडे निघाली.

"आग! आग!" मी ओरडलो. बाहेर सगळे ओरडू लागले. ट्रॅक्टर मागे घेण्याची एकच धांदल उडाली.

काटेभाऊ ओरडले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातलं बारदान उचललं, पेटत्या डब्यावर टाकलं आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला. दारातून बाहेर, ट्रॉलीला वळसा घालून, गंजीच्या उलट्या बाजूला ते धावत गेले. बारदानाला खालून आग लागलेली मला दिसत होती. हौदापाशी पोचून त्यांनी डबा पाण्यात सोडला. चर्र असा मोठा आवाज झाला आणि वाफेत ते दिसेनासे झाले.

आम्ही जाळीवर वाळूच्या बादल्या ओतल्या. गंजी वाचली. माणसं वाचली. वाफ विरली तेव्हा काटेभाऊ हौदाच्या कठड्यावर बसलेले होते. दोन्ही तळवे त्यांनी उताणे मांडीवर ठेवले होते. तळव्यांची कातडी जागेवर नव्हती.

"दुखतं का भाऊ?" मी मूर्खासारखं विचारलं.

"नाई," ते म्हणाले, आणि कुशीवर कलंडले.

दवाखान्यात हातांवर उपचार झाले आणि छातीच्या ईसीजीचा कागदही निघाला. डॉक्टरांनी वहिनींना, म्हणजे काटेभाऊंच्या बायकोला, बाहेर बोलावून विचारलं, "यांना आधी एकदा झटका येऊन गेलाय. तेव्हा कुठे दाखवलं होतं?"

वहिनींना काहीच ठाऊक नव्हतं. त्या आत गेल्या. मी दारात उभा होतो.

"मले काऊन नाई सांगतलं तुमी?"

काटेभाऊ छताकडे पाहत होते. "तू घाबरली असती. घरात उगाच आवाज झाला असता."

वहिनी मग खरोखर ओरडल्या. माझ्यादेखत, परिचारिकेदेखत, मोठ्याने, कितीतरी वेळ. काटेभाऊंनी त्यांना गप्प केलं नाही. पट्ट्या बांधलेला हात उचलला, पण कुठे ठेवावा ते न कळून परत खाली घेतला.

काट्यावर ते परत आले नाहीत. जखमा भरल्या, पण बोटं अर्धीच मिटत. मी पिपरी मेघेला त्यांच्या घरी जायचो. डॉक्टरांनी छातीची पुढची तपासणी लवकर करा म्हणून सांगितलं होतं. "हंगाम संपू दे," काटेभाऊ म्हणायचे. त्यांना आता कसला हंगाम, असं मला विचारावंसं वाटायचं. वहिनी तारीख घेऊन यायच्या, ते ती पुढे ढकलायचे.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "नवीन डबा आणला म्हणते. आवाज करते का?"

"अजिबात नाही. चालू आहे की बंद, तेही कळत नाही."

ते अस्वस्थ झाले. खुर्चीतून पुढे सरकले. "मंग रोज मागून हात लावून पायत जाजो राजा. तापते का ते पायजो."

मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडून पुन्हा एकदा हो म्हणवून घेतलं.

श्रावणात एका दुपारी वहिनींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या.

"जरा पडतो म्हणे. मी कुकर लावला होता. शिट्ट्या झाल्या, मले वाटलं शिट्ट्यांनं उठतीन. कण्हल्याचा आवाज नाई, हाक नाई, काहीच ऐकू नाई आलं मले. मी ताट वाढलं, पाणी भरलं, अन् मंग हाक मारली."

त्यांच्यामागे ओट्यावर ते ताट होतं. वर दुसरं ताट झाकलेलं. कडेला वाफेचं पाणी साचलं होतं.